साठवण आणि जपणूक

गेल्या आषाढात आम्ही बेळगावला (सरकारी दप्तरी २०१४ पासून बेळगावी) एका जुन्या स्नेह्यांकडे उतरलो होतो. शहापुरातील जुने घर, पुढे पडवी, मागे परसात आड, आणि बाहेर चार दिवस अखंड कोसळणारा पाऊस. हे गृहस्थ निवृत्त शिक्षक. गल्लीत त्यांना सगळे गुरुजीच म्हणतात. एरवी आमच्या गप्पा मध्यरात्रीपर्यंत चालायच्या, पण या खेपेस गुरुजी गप्प गप्प होते. चौकशी केली तेव्हा कळले की, आठवड्यापूर्वी गडगडाटात विजेचा दाब एकाएकी वाढला आणि दूरचित्रवाणी संचाखाली ठेवलेल्या, कार्यक्रम मुद्रित करून ठेवणाऱ्या दोन्ही पेट्या एका क्षणात बंद पडल्या.

पेटी बंद पडली हे काही अग्रलेखाचे प्रयोजन नव्हे, असे वाचक म्हणतील. आम्हीही प्रथम तसेच म्हणालो. तथापि पेट्यांत काय होते हे गुरुजींनी सांगितल्यावर आमचे तोंड बंद झाले. एक पेटी उपग्रह-सेवेची. तिच्या हार्ड डिस्कवर गेल्या दहा-बारा वर्षांतील निवडक मराठी कार्यक्रम होते : नाट्यसंगीताच्या मैफली, कीर्तने, साहित्यिकांच्या मुलाखती, आणि याच जिल्ह्यातील सुळेभावीला १९२४ साली जन्मलेल्या कुमार गंधर्वांवरील एक कार्यक्रम. दुसरी पेटी जुनी. गुरुजींच्या पुतण्याने आखातातून आणलेला, आत हार्ड डिस्क असलेला डीव्हीडी रेकॉर्डर. तिच्यावर गावातील केबल वाहिनीने एका गणेशोत्सवात दाखवलेली भजन स्पर्धा होती आणि त्या स्पर्धेत गुरुजींच्या पत्नी गायल्या होत्या. त्या जाऊन सहा वर्षे झाली. केबल चालवणाऱ्याने धंदा केव्हाच गुंडाळला. त्याच्या कॅसेटी कोठे गेल्या हे त्याच्या मुलालाही ठाऊक नाही. पृथ्वीच्या पाठीवर त्या गाण्याची एकच प्रत होती, आणि ती त्या बंद पेटीत होती.

सीमाभागातील मराठी माणूस कार्यक्रम असे साठवून का ठेवतो, हे आमच्या गोव्याच्या वाचकांना फारसे समजावून सांगावे लागू नये. मुंबईचे दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, पण त्याचा मराठी कार्यक्रम बेळगाव-निपाणीच्या माणसाच्या वाट्याला यायला फार काळ जावा लागला. १९६३ मध्ये सुरू झालेल्या सांगली आकाशवाणीचे मराठी बोल हा त्याचा मोठा आधार. पुढे ऐंशीच्या दशकात कमी शक्तीचे प्रक्षेपक गावोगाव उभे राहिले, पण त्यांच्यावरून दिसायचा तो प्रामुख्याने दिल्लीचा राष्ट्रीय कार्यक्रम. मराठी नाटक पाहायचे तर व्हीसीआर भाड्याने आणायचा, कॅसेट कोल्हापूरहून मागवायची आणि अर्ध्या गल्लीने एका घरात दाटीवाटीने बसायचे. उपग्रहावरून मराठी वाहिन्या घरात येऊ लागल्या त्या नव्वदच्या दशकात. जे उशिरा मिळाले ते जपून ठेवावे, ही त्या घरांतील वृत्ती तेव्हापासूनची आहे. वर्तमानपत्रांची कात्रणे, दिवाळी अंकांचे गठ्ठे, रेडिओसमोर टेपरेकॉर्डर धरून घेतलेली गाणी. कार्यक्रम मुद्रित करणारी पेटी हा त्याच वृत्तीचा अलीकडचा अवतार.

आता या पेट्यांचे काय झाले ते सांगतो. पाऊस पुष्कळांच्या घरी असेच काहीतरी करून ठेवतो, आणि त्यानंतरच्या पहिल्या दोन दिवसांत माणसे ज्या चुका करतात त्यांनीच पुढची आशा संपते.

खडेबाजारातील एका दुकानदाराने पेटी न उघडताच निकाल दिला. “गुरुजी, ही गेली बघा. नवी घ्या की. आत काय होतं ते विसरा आता.” दुसरा उत्साही निघाला. त्याने डीव्हीडी रेकॉर्डरमधील डिस्क काढून आपल्या संगणकाला जोडली. संगणकाला तिच्यावरील मांडणी कळेना. ही डिस्क नव्याने मांडू काय, असे त्याने पडद्यावर विचारले. दुकानदाराचे बोट ‘हो’ वर जाणार तोच गुरुजींनी त्याचा हात धरला. आमच्या मते त्या आठवड्यातील सर्वांत मोलाचे काम ते होते. या पेट्या आपली डिस्क घरगुती संगणकाच्या पद्धतीने मांडीत नाहीत. त्यामुळे संगणकाला ती कोरी किंवा बिघडलेली वाटते, आणि त्याच्या प्रश्नाला होकार दिला की उरलीसुरली सूचीही पुसली जाते.

शेवटी टिळकवाडीत घरच्या घरी संगणक दुरुस्त करणारा एक तरुण अभियंता भेटला. त्याने आधी काहीच केले नाही. दोन्ही पेट्या उघडून नुसत्या न्याहाळल्या. बंद पडलेल्या पेटीत पुष्कळदा डिस्क शाबूत असते आणि वीजपुरवठ्याच्या भागातील दोन-चार कपॅसिटर फुगलेले असतात; थोडक्या पैशांत ते बदलले की पेटी जागी होते, असे तो म्हणाला. डीव्हीडी रेकॉर्डरमधले कपॅसिटर फुगलेले होतेच, पण डिस्कही दुखावलेली होती. उपग्रह-सेवेच्या पेटीचे नेमके उलटे होते. तिचा मुख्य बोर्ड जळून काळा पडला होता, डिस्कला मात्र ओरखडाही नव्हता. गुरुजींना साहजिकच वाटले की निदान ही तरी वाचली.

हार्ड डिस्क म्हणजे आत मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेणाऱ्या तबकड्या. त्यांच्यावरून वाचणारे टोक त्यांना टेकत नाही. ते काही नॅनोमीटर अंतरावर तरंगत राहते. माणसाच्या केसाची जाडी त्या अंतराच्या हजारो पट असते. हे ध्यानात आले की आतून टकटक असा आवाज येणारी डिस्क पुन्हा पुन्हा चालू करून पाहणे हा केवढा अविचार आहे ते समजते; टोक तबकडीला घासत असेल तर प्रत्येक फेऱ्यागणिक मुद्रण खरवडले जात असते. असली डिस्क धूळरहित खोली असलेल्या मोठ्या शहरातील तज्ज्ञाकडेच न्यावी लागते आणि खर्च हजारोंच्या घरात जातो. डिस्क रात्रभर शीतकपाटात ठेवावी, असा एक उपाय लोक एकमेकांना सांगतात. थंड तबकडीवर बाष्प धरते आणि होते नव्हते ते जाते. या उपायाच्या वाटेला कोणी जाऊ नये. आणखी एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. पेटी नुसती चालू असली तरी, थेट कार्यक्रम थांबवून मागे नेण्याची सोय असावी म्हणून ती डिस्कवर सतत काहीतरी लिहीत असते. चुकून पुसलेला कार्यक्रम काही काळ तबकडीवर तसाच असतो, पण पेटी चालू ठेवली तर नवे लेखन त्यावर चढते. म्हणून तार काढून ठेवणे ही पहिली गोष्ट. कंपनीला दूरध्वनी नंतर करता येतो.

गुरुजींच्या नशिबाने त्यांच्या जुन्या डिस्कमधून टकटक येत नव्हती. ती वाचत होती, पण अडखळत. त्या तरुणाने मूळ डिस्कवर एक अक्षरही न लिहिता तिची हुबेहूब प्रत दुसऱ्या डिस्कवर काढायला घेतली. या कामाच्या संगणक-आज्ञावली फुकट मिळतात आणि त्या शहाण्या वाचकासारख्या वागतात : जी पाने सहज उलगडतात ती आधी नकलून घेतात, चिकटलेल्या पानांशी झटापट करीत बसत नाहीत, आणि शेवटी त्या पानांकडे पुन्हा एकदा वळतात. दोन रात्री आणि एक दिवस हे चालले होते. आम्ही मुक्काम वाढवला. मग प्रतीवर शोध सुरू झाला. पेटीची सूची नष्ट झाली होती; कोणता कार्यक्रम कोठे सुरू होतो हे सांगणारे काही नव्हते. परंतु डीव्हीडी पद्धतीच्या मुद्रणात दर २,०४८ बाइटांच्या तुकड्याच्या आरंभी एक ठरावीक खूण असते. त्या खुणांचा माग काढीत तुकड्याला तुकडा जोडायचा. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पडद्यावर पताका लावलेला मंडप दिसला, मग पेटीवर बसलेली मुलगी, मग पांढऱ्या साडीतील एक बाई माइकसमोर येऊन बसली. चित्र मधूनच चौकटी-चौकटींनी फुटत होते. अर्ध्या तासाच्या त्या कार्यक्रमापैकी बावीस मिनिटे मिळाली. भजनाचा शेवट मिळाला नाही. गुरुजी उठून आत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत.

आणि ती दुसरी, शाबूत डिस्क? तिची प्रत अवघ्या काही तासांत, एकही अडथळा न येता निघाली. परंतु तिच्यावरचा एकही कार्यक्रम दिसला नाही. उपग्रह-सेवेची पेटी जे मुद्रित करते ते सांकेतिक कुलूप घालूनच डिस्कवर ठेवते आणि त्या कुलपाची किल्ली त्या एकाच पेटीच्या बोर्डावरील चकतीत असते. बोर्ड जळाला, किल्ली जळाली. तीच डिस्क तशाच दुसऱ्या पेटीत घातली तरी ती पेटी तिला परकी समजते. म्हणजे दुखावलेल्या डिस्कमधून बावीस मिनिटे हाती आली आणि निरोगी डिस्कमधून बावीस सेकंदही नाहीत. यंत्रशास्त्र येथे हरले असे आम्ही म्हणणार नाही. ज्याने ही पेटी घडवली त्याने ती अशीच घडवली होती.

येथे कायदा काय म्हणतो ते पाहण्यासारखे आहे. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्याचे ३९ वे कलम स्पष्ट आहे : एखाद्याने स्वतःच्या खाजगी उपयोगासाठी, किंवा निव्वळ प्रामाणिक अध्यापन वा संशोधनासाठी प्रक्षेपणाचे ध्वनिमुद्रण अथवा ध्वनिचित्रमुद्रण केले तर प्रक्षेपकाच्या हक्काचा भंग होत नाही. २०१२ च्या दुरुस्तीने आलेले ६५-अ हे कलम सांकेतिक कुलूप तोडण्याला शिक्षा सांगते, पण ती हक्कभंगाच्या हेतूने तोडणाऱ्याला. सबब गुरुजींनी मुद्रण केले यात गैर काही नव्हते. कायद्याने त्यांना जे दिले ते पेटीच्या रचनेने काढून घेतले, एवढाच याचा अर्थ. सेवा देणाऱ्यांची बाजू आम्हाला कळते. नवा चित्रपट घरोघर मुद्रित होऊन सकाळी बाजारात विकला जाईल, ही भीती खोटी नाही. म्हणून कुलूप असावे. पण ज्याच्या नावावर वर्गणी आहे त्याची पेटी निकामी झाली तर नव्या पेटीला जुन्या मुद्रणाची किल्ली मिळेल अशी व्यवस्था करणे यंत्रशास्त्राला जड नाही. घराच्या कुलपाची दुसरी किल्ली आपण शेजाऱ्याकडे ठेवतोच की! दूरसंचार नियामकाने ग्राहकाच्या हिताचे लहानमोठे पुष्कळ नियम केले आहेत. त्यांत हा एक घालावा, अशी आमची मागणी आहे.

कोणी म्हणेल, कीर्तन आणि मैफली वाहिनीकडे असतीलच, घरच्या पेटीची मातब्बरी ती काय? या भरवशावर आजवर फार काही गेले आहे. टेप महाग, म्हणून जुन्यावरच नवे मुद्रण करायचे, ही चाल जगभरच्या केंद्रांत होती आणि आपले दूरदर्शनही तिला अपवाद नव्हते. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस ‘चिमणराव’ पाहण्यासाठी मुंबई-पुण्याच्या गल्ल्या ओस पडत, असे त्या काळचे लोक अजून सांगतात. त्यांच्यापुढे आज ती मालिका पहिल्या भागापासून अखेरपर्यंत मांडायची म्हटले तर मांडणार कोठून? अमेरिकेचा माणूस १९६९ मध्ये चंद्रावर उतरला त्या घटनेच्या चित्रणाच्या मूळ टेपा बहुधा पुसून पुन्हा वापरल्या गेल्या, अशी कबुली तेथील अंतराळ संस्थेला २००९ मध्ये द्यावी लागली, आणि प्रक्षेपण केंद्रांकडे राहिलेल्या प्रतींवरून ते चित्रण पुन्हा उजळावे लागले. बी.बी.सी.ने पुसून टाकलेल्या ‘डॉक्टर हू’ या मालिकेचे नऊ भाग परत मिळाल्याचे २०१३ मध्ये जाहीर झाले, ते नायजेरियातील जोस या गावच्या केंद्रात. मूळ मालकाने गमावले आणि दूरच्या कोणीतरी अडगळीत राखले, हीच कथा पुन्हा पुन्हा ऐकू येते. त्या अडगळीलाच कुलूप घातले तर उद्या शोधायचे कोठे?

गुरुजींच्या पत्नीचे माहेर निपाणीचे. बेळगावहून महामार्गाने उत्तरेला सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर. तंबाखूच्या या गावाचेच एक उदाहरण आम्हाला त्या रात्री आठवले. ऐंशीच्या दशकाच्या आरंभी तेथील वखारींत तंबाखूच्या धुळीत राबणाऱ्या बायका हजारोंनी संघटित झाल्या. त्यांच्याबरोबर राहून ‘युगांतर’ या, दीपा धनराज, आभा भैया, मीरा राव आणि छायाचित्रकार नवरोज काँट्रॅक्टर यांच्या गटाने १९८२ मध्ये ‘तंबाखू चाकीला ऊब आली’ हा मराठी बोलपट तयार केला. लांबी जेमतेम अर्ध्या तासाची, १६ मिलिमीटरच्या फितीवर घेतलेला, कोणत्याही चित्रपटगृहात न लागणारा. असल्या चित्रपटाचे नशीब काय असते ते निराळे सांगायला नको. तरी तो वाचला. बर्लिनमधील ‘आर्सेनाल’ या चित्रपट संस्थेने पुढाकार घेऊन युगांतरचे चित्रपट नव्या अंकीय पद्धतीने उजळून घेतले. निपाणीच्या वखारीतील बायांची ती रोखठोक सीमाभागी मराठी आज जगात कोठेही ऐकता येते.

या चित्रपटाच्या आणि गुरुजींच्या डिस्कच्या नशिबात एवढे अंतर कशाने पडले? फितीला कुलूप नव्हते, ती उजेडासमोर धरली तरी त्यावर काय आहे ते दिसत होते. तिच्या प्रती एकाहून अधिक हातांत गेल्या होत्या. आणि ती जपणे हे आपले काम आहे असे मानणारी एक संस्था, सातासमुद्रापलीकडे का होईना, उभी होती. याच निपाणीत आणि बेळगावात पुढच्या पंचवीस-तीस वर्षांत गल्लोगल्ली केबल वाहिन्या निघाल्या. त्यांनी गणपती दाखवले, बालनाट्ये दाखवली, मराठी शाळांची संमेलने आणि निवडणुकीच्या सभा दाखवल्या. आज त्यांच्या कॅसेटी, सीडी आणि हार्ड डिस्क कोठे आहेत? काही माळ्यावर बुरशी धरून बसल्या असतील, काही भंगारात गेल्या असतील. राज्याच्या राजधानीतील संग्रहालयाला हे मराठी आहे म्हणून फारसे महत्त्व नाही, आणि मुंबईच्या संग्रहालयाला हे आपल्या राज्यातले नाही म्हणून जबाबदारी वाटत नाही. सीमेचा वाद न्यायालयापुढे आहे, त्यात आम्ही येथे शिरत नाही. या कॅसेटी मात्र निकालाची वाट पाहत थांबणार नाहीत.

आम्ही ज्या व्यवसायात आहोत त्याचीच तुलना घ्या. १९५४ चा ग्रंथप्रदान कायदा आहे, आणि १९५६ पासून तो वर्तमानपत्रांनाही लागू झाला. त्यान्वये छापलेला अंक ठरवून दिलेल्या सार्वजनिक ग्रंथालयांकडे धाडणे हे प्रकाशकाचे कर्तव्य आहे. त्यामुळे आम्ही आज जे बरेवाईट लिहितो ते शंभर वर्षांनी कोणाला आमचे कान उपटण्यासाठी काढून पाहता येईल. दूरचित्रवाणीवर बोलल्या गेलेल्या शब्दाला मात्र असे बंधन भारतात नाही. फ्रान्सने १९९२ मध्ये कायदा करून प्रक्षेपित कार्यक्रमही राष्ट्रीय संग्रहाकडे जमा करण्याची सक्ती केली. आपल्याकडे हे व्हायला वेळ लागेल. संसदेला आणखी कामे आहेत. पण बेळगावच्या सार्वजनिक वाचनालयासारख्या संस्थेने दोन मोठ्या डिस्क आणि एक चांगला संगणक घेऊन, ज्याच्याकडे स्थानिक मुद्रण असेल त्याने ते आणून द्यावे, आम्ही प्रत काढून मूळ वस्तू परत देऊ, असा फलक दारावर लावला तर त्याला दिल्लीची परवानगी लागणार नाही. टिळकवाडीतल्या त्या तरुणासारखे हात गावोगाव आहेत.

आणि हे आम्ही फक्त बेळगावकरांना सांगत नाही. आमच्या गोव्यात स्थानिक वाहिन्यांनी वर्षानुवर्षे जत्रा दाखवल्या, धालो दाखवले, वास्कोच्या भजनी सप्ताहाचे चित्रण केले. त्यातले किती मुद्रण आज सलग पाहता येईल? पणजीच्या कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयात जुनी वर्तमानपत्रे मिळतात. त्याच इमारतीत या मुद्रणांसाठी एक खोली निघू नये असे काही नाही. बेळगावात जे काम वाचनालयाला करता येईल ते येथे सरकारी ग्रंथालयानेच हाती घ्यावे, आणि पुढच्या पावसाआधी घ्यावे.

निघण्याच्या दिवशी गुरुजींनी त्या बावीस मिनिटांच्या तीन प्रती करून घेतल्या. एक पुण्याला मुलीकडे गेली, एक घरात राहिली, एक त्यांनी आमच्या हाती दिली. ती आमच्या कार्यालयातील कपाटात आहे. दुसरी, कुलूपबंद डिस्क टाकून देऊ का, असे त्या तरुणाने त्यांना विचारले होते. गुरुजींनी ती जुन्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळली, वर तारीख घातली आणि कपाटात ठेवली. किल्ली मिळेल तेव्हा बघू, म्हणाले.